बुवांचा शेवटचा गजर

सोमवारी सकाळी सहदेवबुवांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि रविवारी भर दुपारी त्यांचा मुलगा हर्षद भांडुपच्या टेकडीवरच्या खोलीतला पंखा बंद करून सगळ्यांचा घाम काढत होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठीबरोबर आवाजही जाणार होता. बुवांनी उभा जन्म डबलबारीची भजनं म्हटली होती, पण मोबाइलमध्ये जी काही गाणी होती त्यांत लाउडस्पीकरची घरघर आणि लोकांच्या शिट्ट्याच जास्त ऐकू यायच्या. म्हणून आज लाउडस्पीकर नाही, मृदंग नाही, नुसती पेटी आणि बुवांचा गळा. हर्षदने खिडकीपाशी स्टँडवर मोबाइल लावला होता आणि त्याला एक छोटासा वायरवाला माइक जोडला होता.

"बाबा, तुमचा तो स्वतः बांधलेला गजर म्हणा. मोबाइलकडे बघून."

"भिंतीक गजर ऐकवू काय?" बुवांचा आवाज आधीच खरखरत होता. "समोर बुवा नाय, तर मी गावचा कोणासाठी?"

डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात आणि भजनातूनच एकमेकांची उणीदुणी काढतात. एकट्याने गायची बुवांना सवयच नव्हती. त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी मार्तंडबुवा टेकडीच्या पायथ्याशी राहत. बारी सोडून दोघे एकमेकांचं तोंडही बघत नसत.

"त्याका बोलाव," बुवा म्हणाले. "आणि सांग, आज उत्तर देवचा नाय. नुसता बसाचा."

हर्षद चपला घालून निघाला. जाताना आईला बजावून गेला, "आई, मोबाइलच्या काचेला हात लावू नकोस. आणि हा माइक नीट सांभाळ. आवाज यातूनच जाणार आहे."

सुलक्षणाबाईंनी ते मनावर घेतलं. बारीला बसण्याआधी वाद्यांची पूजा करायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. पेटीला हळदकुंकू झालं, टाळांना झालं. आवाज ज्यातून जाणार त्याला कोरडं कसं ठेवायचं? माइकवरची काळी स्पंजची टोपी त्यांना कळकट वाटली, म्हणून त्यांनी ती काढून नळाखाली धुतली. आतल्या उघड्या माइकला ओलं गंध लावलं, वर कुंकू लावलं, फुलाने पाणी शिंपडलं आणि ओली टोपी पुन्हा चढवून हात जोडले. मोबाइलच्या काचेला मात्र बोटही लावलं नाही. सांगितलेलं त्या पाळत.

मार्तंडबुवा आले आणि मान खाली घालून समोर बसले. शिट्टी नको म्हणून शेजारणीला कुकर उतरवायला सांगून झालं. सहदेवबुवांनी पेटी ओढली आणि ते गायले. त्या दुखऱ्या गळ्यात कुठून बळ आलं कोण जाणे, पण वरचा सूर असा लागला की सुलक्षणाबाईंचा पदर डोळ्यांना लागला. गजर संपल्यावर बुवांना पाणीही गिळवेना. पुन्हा गाणं शक्यच नव्हतं.

हर्षदने मोबाइल बघितला. चित्र झकास आलं होतं, समोर बसलेले मार्तंडबुवाही त्यात दिसत होते.

"लावून दाखव ना," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"नको." बुवांनी हात वर केला. "आता ऐकलंय तर उद्या माझो पाय उचलाचो नाय. घराक इल्यावर ऐकूया."

ते घरी आले तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि बोलणं कायमचं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मार्तंडबुवा शहाळं घेऊन भेटायला आले. सगळे बसल्यावर हर्षदने मोबाइल टीव्हीला जोडला. पडद्यावर बुवा पेटी ओढत होते, तोंड उघडत होते, मिटत होते. बारीक खरखरीपलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. हर्षदने टीव्हीचा आवाज वाढवला, वायर बदलली, शेवटी माइक हातात घेऊन टोपी काढली. आत कुंकवाचा लगदा वाळून बसला होता.

"आई, याला काय केलं होतंस?"

"पूजा," त्या अभिमानाने म्हणाल्या. मग त्यांनी मुलाचा चेहरा बघितला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! माझ्या हातान मी ह्यांचो आवाज घालवलंय!"

बुवांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला. ते तेवढंच करू शकत होते. घरात सुतक पडल्यासारखं झालं.

मार्तंडबुवा चुळबुळले. "वहिनी, रडू नका. एक सांगतो, पण बुवा, तुम्ही मारायला उठू नका." त्यांनी घसा साफ केला. "गावोगावच्या बाऱ्यांत मी तुमची नक्कल करून लोकांना हसवलंय. घरी रोज तालीम करायचो. तुमचा आवाज माझ्या घशात आहे."

त्यांनी पेटी पुढ्यात ओढली, हर्षदला चित्र पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि पडद्यावरच्या ओठांकडे बघत गायला लागले. हुबेहूब सहदेवबुवा! कोणालाही हसू आलं नाही. पण वरच्या सुराला ते नकलेतल्यासारखं लांबण लावून थरथरले, तशी खऱ्या बुवांनी पेटीवर थाप मारली आणि रागाने बोट हलवलं.

"बुवा, तुम्ही असंच गाता!"

बुवांनी जोरजोरात नकाराची मान हलवली.

"असाच गातत," सुलक्षणाबाई नाक पुसत म्हणाल्या.

बुवांनी त्यांच्याकडे डोळे वटारले. मग पुन्हा पहिल्यापासून. तो वरचा सूर मनासारखा लागेपर्यंत बुवांनी मार्तंडबुवांना सोडलं नाही. आयुष्यभराचं उट्टं त्यांनी त्या दुपारी काढलं. हर्षदने तो आवाज दुसऱ्या मोबाइलवर टिपून मूळ चित्राला जोडला आणि गावच्या ग्रुपवर पाठवला.

संध्याकाळी मोबाइल वाजतच राहिला. बुवा एकेक निरोप वाचत होते. एका निरोपाशी ते थांबले, त्यांनी मार्तंडबुवांना जवळ बोलावलं, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायची खूण केली.

मार्तंडबुवांनी चष्मा लावला. "सहदेवबुवांचो आवाज शेवटपर्यंत खणखणीत," त्यांनी वाचलं. "समोर बसलेल्या मार्तंडाक सात जन्मात असा गावक जमाचा नाय."

बुवांनी खूण केली, पुन्हा वाचा.