हाय त्या वेगानं

चौगुलेअण्णा कुठलाही प्रसंग सांगतात, तो घडायला जेवढा वेळ लागला होता बरोबर तेवढ्याच वेळात. पेठ वडगावच्या स्टँडवर त्यांना एकदा एसटीसाठी चाळीस मिनिटं थांबावं लागलं. ते त्यांनी माझ्या दुकानात बसून चाळीस मिनिटं सांगितलं. मधली दहा मिनिटं काहीच घडलं नव्हतं, म्हणून दहा मिनिटं गप्प बसले. मी जुनी लेथ मशिनं घेतो-विकतो. समोरचं गिऱ्हाईक नेमकं भावावर आलं होतं.

"अण्णा, गाडी आली का न्हाई तेवढं सांगा की."

"यायला अजून अकरा मिनिटं हाईत, शिकलगार."

गाडी यायच्या आत गिऱ्हाईक गेलं.

घाई केली की त्यांचं एकच उत्तर असतं, "हाय त्या वेगानं!" हे खूळ नोकरीतलं. अण्णा तीसेक वर्षं लांबच्या एका मोठ्या विमानतळावर होते. विमानांना वाट देणारे कंट्रोलर ज्या पडद्याकडं बघत बसतात, त्या पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं साठवून ठेवायचं आणि काही बिनसलं की चौकशीवाल्यांसमोर त्याच वेगानं परत चालवून दाखवायचं, हे त्यांचं काम. विमान खरं कुठं होतं ते शोधायला दुसरी माणसं. कंट्रोलरला त्या घटकेला काय दिसत होतं, ते अण्णा दाखवणार. निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात, आमच्या कॉलनीत, एकटेच राहायला आले.

पहिले काही महिने रोज दुकानात येऊन बसायचे, आणि मग एकदा त्यांनी माझा घात केला. पार्किंगवरनं माझं शेजारच्या डॉक्टरशी भांडण झालं होतं. डॉक्टरच आधी ओरडला, असं मी कॉलनीच्या मीटिंगमध्ये ठासून सांगत होतो. लोकांना पटायला लागलं होतं. तेवढ्यात अण्णा उठले आणि सगळं भांडण पहिल्यापासून चालवायला लागले. "हितं शिकलगार चप्पल घालतात. डावी सापडत न्हाई." मग थांबले. सगळी मीटिंग माझी डावी चप्पल सापडायची वाट बघत बसली. "आता सापडली. आता ओरडले." पाटीवाला हमाल म्हणून फौंड्रीत शिरलेला मी, आजवर कुणापुढं वाकलो नव्हतो. त्या दिवशी सगळ्यांदेखत डॉक्टरला हात जोडावे लागले. दोन वर्षं मी अण्णांकडं बघितलंसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात माझी पोरगी नसीम घरी आली. ती दुसऱ्या एका शहरात कंट्रोलर आहे. तिच्या ड्यूटीत दोन विमानं नियमापेक्षा जवळ आली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण तिला कामावरनं बाजूला बसवलं. सोमवारी चौकशी, तिथं तिचा पडदा चालवून बघणार. पोरगी जेवेना, बोलेना. फोनवर राजीनामा लिहून ठेवलेला: सगळी चूक माझी. मी धीर द्यायच्या ऐवजी ओरडत होतो. मला भीती वाटली म्हणजे ओरडणंच येतं.

बायको म्हणाली, "अण्णांकडं जावा की. राग ठेवा जरा बाजूला."

गेलो. सरळ सौद्यालाच हात घातला. "अण्णा, तुमची जुनी ओळख असंल. एक फोन टाका. तेवढं एक मिनिट गाळायला सांगा..."

"ते एक मिनिट कुणाच्या बापाचं न्हाई, शिकलगार. पोरीला आणा."

नसीम आली. अण्णांनी टेबल पुसलं, दोन भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. "ही तुझी दोन विमानं. कुठनं कुठं चालली होती, दाव." पडद्यावर विमान सरकत नाही म्हणे, काही सेकंदांनी उडी मारतं. घड्याळाकडं बघत अण्णा एकेक उडी द्यायला लागले. उडी, मग गप्प. परत उडी. हजार सौदे केले, पण असा वेळ कधी काढला नव्हता.

"एवढ्या जवळ आल्या तरी दिसंना व्हय गं तुला?"

"गप्प बसा," अण्णा म्हणाले. "तुम्हाला शेवट ठाऊक हाय म्हणून जवळ दिसतंय. तिला ठाऊक नव्हता. म्हणूनच मी कुणाला पळवून बघू देत न्हवतो. पळवलं की भला माणूसबी गुन्हेगार दिसतो."

परत उडी. नसीमचा हात एकदम टेबलाच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला. "अण्णा, हितं तिसरं होतं! आत पेशंट होता, आधी उतरवा म्हणत होतं. मी त्याच्याशी बोलत होते."

अण्णांनी तिथं तिसरी शेंग ठेवली. "आठवलं? मग चल पुढं."

दोन उड्या झाल्या. नसीम म्हणाली, "हितं मी वळायला सांगितलं."

"एक उडी उशीर," अण्णा म्हणाले.

"पेशंटचं कारण हाय की!" मी उसळलो. "ही उडीपण त्यातच धरा."

"न्हाई धरणार. एका उडीची चूक हाय, तेवढी कबूल करायची. त्याच्या वर एक अक्षर न्हाई."

नसीमनं फोन काढला आणि राजीनामा पुसून टाकला.

अण्णांनी शेंगा भराभर गोळा केल्या. या माणसाला घाई करताना मी पहिल्यांदा बघितलं. "झालं. जावा आता," म्हणत त्यांनी एकच ताट काढलं.

"जेवण व्हायचंय तुमचं?" नसीमनं विचारलं.

"व्हय. पर तुम्ही जावा. लोक जातातच." ते ताटाकडं बघत बोलत होते. "ज्याचा ज्याचा पडदा मी चालवून दाखवला, त्यातला एकबी परत कँटीनला माझ्या टेबलावर बसला न्हाई. त्यांचंबी खरंच हाय. ते सगळं बघितलेला माणूस समोर असला, तर घास कसा उतरणार?"

नसीमनं भाकरीचा डबा उघडून बघितला. "अब्बा, दोनच हाईत. घरनं आणा."

मी भाकरी आणि अंड्याची आमटी घेऊन परत आलो, तर टेबलावर तीन ताटं मांडलेली. अण्णा खुर्चीची पाठ धरून उभेच.

"बसतीस तू?" त्यांनी विचारलं.

ती कधीच बसली होती.