एकोणसत्तर

एका जंगलात एक जुना कॉम्प्युटर होता. जंगलात वीज कुठून आली, असं विचारू नका. प्राणी बोलतात तेव्हा नाही विचारत ते!

पाणवठ्यावर कुणी कधी जायचं, हे तो रोज पडद्यावर दाखवायचा. वाघोबांची पाळी वेगळी, चितळबाईंची वेगळी. त्यामुळे वीस वर्षांत पाणवठ्यावर कुणी कुणाला खाल्लं नव्हतं.

एका सकाळी पडदा काळाच राहिला.

चितळबाई पाळी बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पडद्याची वायर निघालीय. ही काय, मागे लोंबतेय!"

"बाई, तुम्ही टेक्निकल आहात का?" अस्वलानं विचारलं. अस्वल कॉम्प्युटर समितीचं अध्यक्ष होतं. बैठकीला मध असायचा, म्हणून झालं होतं.

"नाही. पण डोळे आहेत."

"मग बघत बसा."

शहरातून कोल्हेसाहेबांना बोलावलं. त्यांनी पेटीतून तपासणी कार्ड काढलं. मुलांनो, हे कार्ड मशीनच्या पोटात खोचलं की त्यावर आकडा उमटतो. तो पुस्तिकेत शोधला की आजार कळतो. साहेबांनी घाईघाईत ते तिरकंच खोचलं.

"एकोणसत्तर!" साहेब ओरडले.

पुस्तिका माकडाच्या हातात होती. माकड इंग्रजी शाळेत शिकलेलं. 'एकोण' म्हणजे नऊ आणि 'सत्तर' म्हणजे सेव्हन्टी, असा हिशेब करून त्यानं ७९ काढलं.

"सर, सेव्हन्टी नाईन. मशीन मेलं आहे."

सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

"अहो, एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी!" चितळबाई कळवळून म्हणाल्या. "एकोणसत्तरला काय लिहिलंय ते वाचा की! माझ्या पाण्याची वेळ मला कळायला नको?"

माकडानं वाचलं. "६९. कार्ड नीट बसलेलं नाही."

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

"कार्ड इम्पोर्टेड आहे," साहेब म्हणाले.

मग काय बोलणार? मशीन मेल्याचा ठराव झाला. नवं येईपर्यंत ज्याला तहान लागेल त्यानं जावं, असंही ठरलं.

चितळबाईंना तहान लागली होती. त्या गेल्या. वाघोबांनाही लागली होती. मला अजून वाईट वाटतं हो बाईंचं.

दुसऱ्या दिवशी माकड मशीन उचलून टाकायला आलं. वायर पायात येत होती, म्हणून त्यानं ती समोरच्या भोकात खोचली. पडदा उजळला.

'चितळबाई, तुमची पाळी.'

"मेलेलं मशीन बोललं!" अस्वल गहिवरलं. "हा साहेबांच्या कार्डाचा गुण!"

कोल्हेसाहेबांना शाल-श्रीफळ दिलं.

तात्पर्य: एकोणसत्तर म्हणजे किती, हे ज्याला ठाऊक असेल, त्यानं पाणी घरीच प्यावं.