किटलीची तोटी

गुन्हा सरांचा आहे, आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायची तयारी आहे. तैलरंगाच्या वर्गात त्यांनी प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग कसा लावायचा ते तासभर शिकवलं. तो काढायचा कसा, यावर चकार शब्द नाही. वर आणखी, "तैलरंगाला घाई चालत नाही, वेळ द्या, चित्र आपोआप सुधारतं," असं हवेत सोडून दिलं आणि हात धुवायला निघून गेले. हात धुवायला. म्हणजे माणसाला सगळं ठाऊक होतं.

त्या वर्गात औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एक बाई होत्या. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून त्यांच्या अंगात एक चिवटपणा आला होता. जे वाचताच येत नाही तेही रोज वाचतो, मग जे काढता येत नाही ते का काढू नये, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सरांचा हिशेब वेगळा होता. "शनिवारी एक पूर्ण झालेलं चित्र आणा," ते म्हणाले. "जमलं तर पुढच्या वर्गात बसा. नाहीतर बाई, तुम्ही आपलं भरतकाम शिका. तुमचा हात त्याला बरा आहे."

भरतकाम हा शब्द बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला. त्या घरी आल्या, मागच्या खोलीत निळा पडदा टांगला, त्यापुढे स्टुलावर घरातली किटली ठेवली आणि कॅनव्हासपुढे उभ्या राहिल्या. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी एक तास, ठरलं म्हणजे ठरलं.

पहिल्याच दिवशी सासरे दारात येऊन थांबले. नकाशे काढणाऱ्या कचेरीतून ते निवृत्त झाले होते आणि आता घरातल्या प्रत्येक गोष्टीतली चूक काढत होते.

"सूनबाई, हे बदक आजारी आहे का?"

"किटली आहे ती, बाबा."

"मग तिला औषध दे. तुझ्याच दुकानात मिळेल."

बाईंनी दात आवळले आणि तोटी पुन्हा काढली. ती आणखी वाकडी झाली. तशीच सोडून त्या कामावर गेल्या. संध्याकाळी परत येऊन बघतात तर तोटी सरळ. नुसती सरळ नाही, तिच्या टोकाशी उजेडाची बारीक रेघही उतरलेली. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, बघा. रंग बसला."

"कुठे बसला?"

"स्वतःच्या जागेवर. तैलरंग असाच असतो. वेळ दिला की आपोआप सुधारतो. सरांनी सांगितलंय."

नवऱ्याने किटलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्याला वाटलं, आपल्यालाही असाच कुणी वेळ दिला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी किटलीचं पोट गोल झालं. तिसऱ्या दिवशी मूठ जागेवर आली. बाई सकाळी बिनधास्त वाकडं काढू लागल्या. संध्याकाळपर्यंत रंग आपली अक्कल वापरेल, याची त्यांना खात्री होती. आठवड्याच्या मधल्या वर्गाला त्यांनी चित्र नेलं, तेव्हा सर चष्मा वर करून जवळ आले. "तोटी कशी काढलीत ही? हात तयार होतोय तुमचा." त्या दिवशी बाईंनी दुकानात एका गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाबरोबर प्रकाश आणि सावलीबद्दलही बरंच काही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी निळ्याचं टोपण अडकलं. प्रशियन ब्लूची नळी एकदा सुकल्या तोंडाने रुसली की रुसली. बाईंनी ते फडक्याने पिळलं, दाराच्या फटीत धरलं, शेवटी पक्कड आणली. टोपण जागचं हललं नाही. नळी मात्र बुडातून फुटली आणि निळ्याची एक जाड अळी बाईंच्या तळहातावर येऊन पसरली. त्यांनी ती फडक्याला पुसली, उरलेला रंग पॅलेटवर काढून ठेवला, नळावर हात धुतले आणि घाईने निघाल्या. हात धुतले असं त्यांना वाटलं. प्रशियन ब्लू पाण्याला हसतो. नळाची चावी, टॉवेल, दिव्याचं बटण, दाराची मूठ, फोन, असा तो बाईंच्या मागोमाग घरभर फिरला आणि जिथे गेला तिथे ओलाच राहिला.

दुपारी दुकानात नवऱ्याचा फोन आला. आज त्याला सुट्टी होती.

"ऐक. घाबरू नकोस. बाबांचे ओठ निळे पडलेत."

"आणि बोटं?"

"तीपण."

ओठ निळे, बोटं निळी, म्हणजे रक्तात प्राणवायू कमी. हे कुठल्याही औषधवाल्याला झोपेतही सांगता येतं. बाईंनी गिऱ्हाइकाच्या हातात नुसतं झाकण दिलं, बाटली आपल्याच हातात ठेवून धावत सुटल्या. रस्त्यात लोक त्यांच्या कानाकडे बघत होते, पण कारण विचारायला त्यांना सवड नव्हती.

घरी सासरे खुर्चीत बसले होते. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आधीच वर आले होते.

"मला काही होत नाहीये," सासरे म्हणत होते.

"बाबा, बोलू नका, दम लागेल," नवरा म्हणाला.

"दम तूच लावतोयस. एवढा वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसलास तर घोड्यालाही धाप लागेल."

डॉक्टरांनी त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. "नव्याण्णव. छे, हे यंत्र बिघडलंय." खात्री करायला त्यांनी तो स्वतःच्या बोटाला लावला. तिथेही नव्याण्णव. पण चिमटा काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. बोट निळं होतं. दुसरंही निळं होतं. डॉक्टर शेजारच्या खुर्चीत हळूच टेकले.

"सकाळपासून जरा जडच वाटत होतं," ते म्हणाले.

नवऱ्याने आपले तळहात उलटे केले. "डॉक्टर, साथ आहे का हो ही?"

"खिडक्या उघडा आधी."

नवऱ्याने खिडकी उघडली. खिडकीची कडी निळी झाली. तेवढ्यात बाई आत शिरल्या, आणि डॉक्टर त्यांच्याकडे बघून क्षीण आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या कानापर्यंत पोचलंय."

बाईंनी कानाला हात लावला, बोटाचा वास घेतला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. जवसाचं तेल, ज्यात तैलरंग कालवतात ते. त्या मागच्या खोलीत गेल्या, टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून आणला आणि डॉक्टरांचं बोट खसाखसा पुसलं. बोट गुलाबी निघालं. डॉक्टरांना एकदम बरं वाटलं. ते ताठ उभे राहिले आणि "विश्रांती घ्या सगळे" असं सांगून दाराकडे निघाले.

बाई मात्र विचार करत होत्या. बटण, मूठ, फोन, चावी. बोटं निळी होणारच. पण दाराच्या मुठीला कुणी ओठ लावत नाही.

"बाबा, जीभ दाखवा."

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं.

"दाखवा."

डॉक्टरही धंद्याच्या ओढीने दारातून परत फिरले. जीभ बाहेर आली. मधोमध एक रेखीव निळा पट्टा.

"ब्रशला टोक काढायला," सासरे पुटपुटले. "नकाशावर नद्या काढायच्या तर टोक लागतंच. जन्मभर ओठातच काढलं."

"पाण्याचे रंग असतील ते. तैलरंग चाटतात?"

"चव घाण आहे," त्यांनी कबूल केलं. "पण तोटी वाकडी होती गं. मला दुपारी झोपच येईना."

मग नवऱ्याने हळूच विचारलं, "म्हणजे रंग आपोआप बसत नव्हता?"

"बाबा, आधी तोंड धुवा. मरणार नाही तुम्ही, पण पोट बिघडेल." एवढं बोलून बाई मागच्या खोलीत गेल्या, बाकीचे मागोमाग आले, तशी त्यांनी रंग खरवडायची सुरी उचलली. बोथट, लवचिक, पण त्या क्षणी तिच्याकडे बघून सगळे एक पाऊल मागे सरले.

"तोटी नको गं खरवडूस," सासरे कळवळले. "मला काय बोलायचं ते बोल, पण तिला हात लावू नकोस."

"उद्या शनिवार आहे," नवरा म्हणाला. "राहू दे की. जागा मिळेल तुला."

"जागा तोटीला मिळेल. मला नाही."

सुरी फिरली. तोटी गेली, मूठ गेली, पोटावरचा तो सुंदर उजेड फडक्यात गेला. मग बाई स्टुलावरच्या किटलीकडे बघत बसल्या. इतके दिवस त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. संध्याकाळची वाट बघितली होती फक्त. अंधार पडेपर्यंत त्या काढत राहिल्या, पुसत राहिल्या, पुन्हा काढत राहिल्या. बदक परत आलं. पण आता ते आजारी नव्हतं, चिडलेलं होतं.

शनिवारी ओलं चित्र न्यायला दोन माणसं लागली. एक बाजू बाईंनी धरली, दुसरी सासऱ्यांनी. सर पांढराशुभ्र शर्ट घालून वर्गाच्या दारात उभे होते. आत चित्र टेकवायच्या सगळ्या लाकडी घोड्यांवर चित्रं लागली होती, ठेवायला जागा नव्हती.

"तोटी कुठे गेली?" सरांनी विचारलं.

"ती यांची होती. ही माझी आहे."

सरांनी सासऱ्यांकडे आदराने पाहिलं. "असं होय. मग तुम्हीच या ना पुढच्या वर्गाला. एकच जागा उरलीय."

"मला नको," सासरे म्हणाले. "कोरा कॅनव्हास बघितला की माझे हात गळतात. मला बिघडलेलं लागतं. ते हिच्याशिवाय कोण देणार?"

सर बाईंकडे वळले, चित्राकडे वळले, आणि त्यांनी खाकरून सुरुवात केली, "नाही, म्हणजे, बाई, तुमची जिद्द चांगली आहे, पण मी म्हणतो..."

"सर, जरा धरा."

बाईंनी चित्र त्यांच्या हातात दिलं. सासऱ्यांनीही आपली बाजू सोडली. सरांनी दोन्ही हातांनी कॅनव्हास पकडला आणि मग त्यांच्या लक्षात आलं की निळा पडदा कडांपर्यंत रंगवलेला आहे, बोटं आत रुतली आहेत, आणि पांढरा शर्ट जेमतेम वीतभर अंतरावर आहे. ठेवायला जागा नव्हती. द्यायला माणूस नव्हता. दोघेही हात मागे बांधून उभे होते.

"भरतकामाचं नाव काढू नका," बाई म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही. तुम्हीच सांगितलंय, वेळ द्या. पण हो की नाही ते सांगा. पुढच्या वर्गात बसू की नको?"