बँकेतले पेढे

आमच्या वरच्या मजल्यावरचे दिनकरभाऊ सबनीस कशाचे पेढे वाटतील याचा नेम नाही. घरात पाइपचा गॅस आला, पेढे. मोतीबिंदू नाही असं डॉक्टर म्हणाले, पेढे. एकदा चोरीला गेलेली स्कूटर पोलिसांना मिळाली म्हणून वाटले. ती त्यांची नव्हतीच असं नंतर कळलं, तर "कुणाची तरी मिळालीच ना, वहिनी!" म्हणत उरलेला पुडाही संपवला.

दार उघडलं की पुडा पुढे. "मोढुं मीठुं करा आधी, मग बातमी." म्हणजे तोंड गोड करा. जन्म बडोद्यात गेला, मराठीत गुजराती कुठे शिरते त्यांना कळतही नाही. आमच्या ह्यांना मधुमेह. "अहो, माणूस माराल एखादा!" असं मी कितीदा बजावलं. तर म्हणायचे, "अर्धा घ्या, अर्धी बातमी सांगतो."

त्यांच्या पोटात म्हणून काही राहायचं नाही. पगार, ताप, कारखान्यातली भांडणं, सगळं जिन्यात उभं राहून जाहीर. एकाच विषयावर हळू बोलत, तो म्हणजे धाकटा भाऊ बापू. भाऊंनी लग्न केलं नाही, त्यांना हा एवढाच. वय चाळिशीचं, बुद्धी पाच-सहा वर्षांच्या पोराची. तसा त्रास काही नाही हो त्याचा. दुपारी बिल्डिंगभर बेल वाजवायची आणि विचारायचं, "चहा झाला?" झाला म्हटलं की खूश होऊन पुढच्या दारी. पण दुपारची झोप मोडणाऱ्याला आमच्या गावात माफी नाही. आई होती तोवर निभावलं. ती गेल्यावर भाऊ जिथे भाड्याचं घर बघायला जात तिथला मालक सांगे, "तमे रहो, भाई नहीं." आमचा मालकही त्यातलाच. शेवटी बापूला करजणजवळच्या एका संस्थेत ठेवलं. भाऊ दर रविवारी एसटीनं जायचे. गेल्या गेल्या बापू विचारायचा, "घरी कधी?"

म्हणून पन्नाशीला टेकलेल्या माणसानं बडोद्यातच गोत्री भागात फ्लॅट बुक केला. "मालक मीच. मग बापूला कोण काढणार?" बँकेनं कर्ज मंजूर केलं. बिल्डरला चेक जायचा तेवढा राहिला होता. आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या कंपनीनं त्यांना बोलावलं. पादरा गावाजवळचा त्यांचा जुना कारखाना तसाही बंद पडायच्या बेतात होता. नवीकडे पगार जास्त, म्हणजे हप्त्याची चिंता नको. भाऊंनी जुनी सोडून नवी धरली.

आता दुसरा कुणी चेक जाईपर्यंत तोंड मिटून बसला असता. आमचे भाऊ पेढे घेऊन बँकेत गेले! कर्जाच्या टेबलावरच्या मुलीपुढे पुडा धरला. "बेन, मोढुं मीठुं करो! नवी नोकरी लागली, पगार वाढला!"

मुलगी गुणी. तिनं पेढा खाल्ला, अभिनंदन केलं आणि फाइल बाजूला ठेवली. नव्या नोकरीत कायम होईपर्यंत पैसे सुटणार नाहीत, असा नियम निघाला.

"अहो, पण पगार वाढलाय!"

"हां अंकल, पण तमे तो नवा छो ने."

बिल्डर काही थांबला नाही. फ्लॅट दुसऱ्याला गेला. मला असा संताप आला की जिन्यातच ओरडले, "अहो, तिथे जाऊन बोंबलायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"चांगली बातमी होती, वहिनी," ते म्हणाले.

पंचाईत वेगळीच होती. दिवाळीला घरी न्यायचं, असं बापूला त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. "वहिनी, रविवारी चला माझ्याबरोबर. तुम्हाला स्पष्ट बोलता येतं. तुम्हीच सांगा त्याला." म्हणजे बिल्डिंगमध्ये माझी काय कीर्ती आहे तेही कळलं. गेले झालं. काय बोलायचं ते एसटीत घोकत गेले.

बापू फाटकापाशीच उभा. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात कपड्यांनी गच्च भरलेली पिशवी. दिवाळी लांब होती, पण हा तयार.

"घरी कधी?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तेच म्हणाले, "रंग चाललाय रे घराला. ओल्या भिंतींत कसा राहशील?"

"कुठला रंग?"

"तू सांग."

बापूनं बराच विचार केला. "पिवळा."

"बरं. सांगतो त्यांना पिवळा."

बापू कुरकुर न करता पिशवी उचलून आत गेला. खिडकीतून दिसत होतं, एकेक शर्ट काढून परत कपाटात लावत होता.

परतीच्या एसटीत बडोदं जवळ आल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "रंग वाळल्यावर काय सांगू, वहिनी?"

"दुसरा हात मारायला घेतलाय म्हणावं," मी म्हटलं.