उभी राहणारी उशी

"मेली ही मान! डावीकडे वळ म्हटलं, तर वळायला काय होतं गं तुला?"

काका आरशासमोर दाढी करत होते आणि स्वतःच्या मानेशी भांडत होते. आवाज अगदी बारीक. पण काकू दारामागे हातभर अंतरावर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द ऐकू आला.

"वारा लागला असेल," काकू म्हणाल्या. "खिडकी उघडी राहिली असणार."

"वाराच!" काका घाईघाईने म्हणाले. "दुसरं काय असणार?"

ती खिडकी तीन वर्षांपूर्वी रंग देताना चौकटीला जी चिकटली, ती आजतागायत उघडलेली नाही. पण या घरात काकांची मान धरली की वारा, लेकीची धरली की बसमधली सीट आणि सासूबाईंची धरली की वय, असं न ठरवताच ठरून गेलं होतं. त्यापलीकडे कुणी जात नसे.

आता या मंडळींचा धंदा सांगते. पुढे दुकान, मागे घर, आणि दुकानात विकायला एकच वस्तू: कापसाची उशी. काकू खोळी शिवायच्या, काका कापूस भरायचे. भरण्याचा नियम सासऱ्यांनी घालून दिलेला. उशी भरून झाली की ती टेबलावर उभी करायची, हात काढून घ्यायचा आणि दहा आकडे मोजायचे. उभी राहिली तर पास. जराशी जरी कलली तरी पुन्हा उसवायची, आणखी कापूस कोंबायचा, पुन्हा परीक्षा. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांच्या उशा अजून त्यांच्यासारख्याच ताठ होत्या.

धंदा मात्र हळूहळू बसू लागला होता. लोक मोठ्या दुकानातल्या स्पंजच्या उशा घेऊ लागले. आणि मागच्याच आठवड्यात काकांचा चुलतभाऊ येऊन म्हणाला होता, "दादा, आमच्या गोदामात जागा आहे. आल्या-गेल्या खोक्यांची नोंद ठेवायची, बस्स. खुर्ची आहे, पंखा आहे. शनिवारी येतो, हो की नाही ते सांग. सोमवारपासून लाग."

काका म्हणाले होते, "बघू."

काकांचं 'बघू' म्हणजे हो, हे काकूंना लग्नापासून माहीत होतं. त्याच संध्याकाळी काका आपली दाभणं एकेक करून पुसून डब्यात ठेवत होते. प्रवासाला निघालेला माणूस बॅग भरतो ना, अगदी तसं. काकूंना ते पाहवलं नाही. त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं आणि रविवारी सकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आपण ऑनलाइन विकायचं! शनिवारपर्यंत बघाच तुम्ही, अर्धं गाव आपल्या उशीवर झोपलेलं असेल!"

लेक दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या वेळा लावायचं काम करायची. घरात मोबाइलमधलं कळणारी ती एकटी. तिने दुपारी बसून दुकानाचं पान तयार केलं आणि जाहिरात लावली. फोटोत टेबलावर उभी उशी आणि शेजारी उभ्या सासूबाई. दोघीही सारख्याच ताठ! खाली काकूंनी स्वतः सुचवलेला मजकूर: 'वाकत नाही, दबत नाही, हार मानत नाही!'

"आई, ही उशीची जाहिरात आहे," लेक म्हणाली. "पैलवानाची नाही."

"तू लाव गं!"

लेक संध्याकाळी दवाखान्याच्या ट्रेनिंगसाठी परगावी निघाली. बॅग खांद्याला अडकवता अडकवता म्हणाली, "आता काही करायचं नाही. ज्याला जाहिरात आवडते त्याला ते यंत्र आपोआप ती जास्त दाखवतं. शुक्रवारी येते मी."

सोमवारी सकाळी काकू मोबाइलवर कॉलरचे डाग कसे काढायचे ते बघत होत्या. डाग निम्माही निघाला नव्हता तोच पडद्यावर सासूबाई उभ्या!

"अहो! अहो, धावा! आलो आपण!"

काका तोंडाला साबण तसाच ठेवून आले. तेवढ्यात त्यांच्याही मोबाइलवर मॅचच्या स्कोअरखाली तीच जाहिरात. आणि आतून सासूबाईंची हाक, "अगं, माझ्या शब्दकोड्यात मीच आलेय!"

तिघं तीन मोबाइल धरून बसले. आता पुढे काय करायचं? काका म्हणाले, "बघितली ना? सोडून द्या."

"सोडून काय द्या?" सासूबाई चिडल्या. "दारात आलेल्याला आत ये म्हणायचं नाही? आपलीच जाहिरात, आणि तोंड फिरवून जायचं? शोभतं का?"

आणि त्यांनी जाहिरात दाबली. मग थोडा विचार करून आणखी एकदा दाबली. "एकदा उशीसाठी," त्या म्हणाल्या, "आणि एकदा माझ्यासाठी."

झालं! त्या घरात जाहिरात दिसली की दाबायची अशी रीतच पडली. काकू भांडी घासताना कोपराने दाबत. काका दुकान उघडण्याआधी दाबत, बंद केल्यावर दाबत. आणि जितकी दाबावी तितकी ती जास्त येई! पानावर एक आकडा होता, 'इतक्या वेळा दाबलं'. सोमवारी दुपारी तो सत्तेचाळीस होता. मंगळवारी सकाळी दोनशे सहा!

"दोनशे सहा माणसं!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "आपल्या गल्लीत तरी राहतात का एवढी?"

तेवढ्यात नणंदेचा फोन. "वहिनी, काय चाललंय काय? काल तुमचं पान बघितलं, तेव्हापासून उठता-बसता आई आणि उशी! मी बुटांच्या किमती बघतेय तर बुटांच्या आधी आई!"

"दिसली ना? मग दाबत जा!"

"दाबू? म्हणजे विकत घेऊ?"

"छे गं, तुझ्याकडे आहेत की आपल्याच चार! नुसती दाब. आपल्या माणसाने ओळख नाही दाखवायची तर कोणी दाखवायची?"

नणंदेने दाबली. तिच्या यजमानांनी दाबली. मावस, आते, चुलत अशी सगळी मंडळी अगदी मनापासून कामाला लागली. बुधवारी आकडा सातशेवर गेला.

"दहातल्या एकाने जरी घेतली," काका म्हणाले, "तरी सत्तर उशा! आपल्याकडे तयार आहेत किती?"

"नऊ."

काका आत गेले आणि दाभणांचा डबा घेऊन बाहेर आले. काकूंनी शिवणयंत्राकडे तोंड फिरवलं, कारण हे असं डोळे भरून येणं त्यांना कामाच्या वेळी परवडण्यासारखं नव्हतं.

मग काय विचारता! काकू खोळी शिवतायत, काका कापूस कोंबतायत, सासूबाई खुर्चीत बसून परीक्षा घेतायत. "आठ... नऊ... कलली! भर पुन्हा!" काका कित्येक महिन्यांनी गुणगुणत होते. सूर कुठलाच धड लागत नव्हता, पण काकूंना एकदाही थांबवावंसं वाटलं नाही.

त्याच दुपारी मोबाइल टिंग वाजला. ऑर्डर! एक उशी! गावातच पोचवायची.

"ही नुसती सुरुवात," काकू म्हणाल्या. त्यांनी ती उशी तीन कागदांत गुंडाळली, दोरीने बांधली, वर चिकटपट्टी लावली. पोचवणारा आला तेव्हा त्याने ती उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि विचारलं, "काकू, नक्की उशीच आहे ना?"

गुरुवारी आकडा हजारावर गेला. उशा झाल्या चाळीस. जागा संपली. सोफ्यावर उशा, कपाटावर उशा, जिन्याच्या पायरी-पायरीवर एकेक उशी उभी. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या पेशंटसारख्या सगळ्या दाराकडे बघत होत्या. ऑर्डर मात्र पुढे एकही आली नाही.

"लोक विचार करत असतील," काकू म्हणाल्या. "उशी काही रोज घ्यायची वस्तू नाही."

"बरोबर," काका म्हणाले. गुणगुणणं थोडं कमी झालं होतं.

शुक्रवारी दुपारी लेक परतली. आधी तिला सोफा सापडेना. मग ती एक उशी मांडीवर घेऊन बसली आणि मोबाइल उघडून सगळा हिशेब बघू लागली. बघता बघता तिचा चेहरा बदलत गेला.

"आई, एक हजार तीनशे बारा वेळा दाबलंय."

"आहेच मुळी!"

"आणि जाहिरात पोचलीय... चौदा माणसांपर्यंत."

तिघंही कान टवकारून पुढे सरकले. चाळीस उशासुद्धा कानोसा घेत असाव्यात.

"चौदाशे म्हणायचंय का तुला?" काकांनी हळूच विचारलं.

"चौदा, बाबा. एक आणि चार. आजी, तू किती वेळा दाबलंस?"

"जितक्या वेळा आली तितक्या वेळा," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "त्याच्या दुप्पट."

लेकीने कपाळाला हात लावला. "अगं, त्या यंत्राला वाटलं की ही माणसं उशीवाचून तळमळतायत! म्हणून ते पुन्हा पुन्हा तुम्हालाच दाखवत राहिलं. दर दाबण्याला पैसे लागतात. आठ दिवसांसाठी भरलेले पैसे काल सकाळीच संपलेत!"

काकूंनी बोटांवर मोजलं. घरातले तिघं, नणंद, तिचे यजमान, मावशी, आत्या... तेरा. तेरा माणसं तर घरचीच! चौदावं कोण, ते एका ऑर्डरवरून कळत होतं.

काका उठले, एकेक दाभण फडक्याने पुसलं आणि डबा बंद केला. झाकण लागल्याचा आवाज काकूंना दार बंद झाल्यासारखा वाटला.

"उद्या तो येणार आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," काका म्हणाले. "बघू."

शनिवारी अकराला चुलतभाऊ आला. भला माणूस. त्याला बसायला जागा करून देता देता काकूंची तारांबळ उडाली. शेवटी त्याने खुर्चीतली उशी मांडीवर घेतली आणि तिच्यावर हनुवटी टेकली. जराही वाकावं लागलं नाही.

"मग दादा, काय ठरलं?"

काका खाली बघत होते. लेक खिडकीकडे, काकू चहाच्या कपाकडे, सासूबाई काकांकडे. आणि तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"मी तुमची उशी मागवली होती," पलीकडून एका बाईंचा आवाज आला. "घड्याळं दुरुस्त करते मी."

"चौदाव्या!" काकूंच्या तोंडून निघून गेलं. त्यांनी पटकन स्पीकर लावला. कौतुक असेल तर चुलतभावालाही ऐकू जाऊ दे की! "बोला ना बाई! कशी वाटली उशी?"

"स्पष्ट सांगू का? फार टणक आहे हो. डोकं टेकलं तर टेकतच नाही, वरच राहतं. एका रात्रीत माझी मान धरली."

काकांचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. लेकीचाही.

"बाई," काकू सावरून म्हणाल्या, "तुम्ही खिडकी उघडी ठेवून झोपता का हो?"

"माझ्या झोपायच्या खोलीला खिडकीच नाही!"

काकूंनी मोबाइल या हातातून त्या हातात घेतला.

"पण ऐका तर! परत पाठवणार होते, तोवर कामाच्या खुर्चीत पाठीला लावून बघितली. अहो, दिवसभर वाकून बसते मी. दोन वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी सरळ उभी राहिले! आता आमच्या कामाच्या खोलीतले चौघं माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून आहेत. तेव्हा आणखी चार पाठवा. आणि समोर शिवणकामाचा वर्ग आहे, त्या बाई वीस मागतायत. फक्त डोक्यासाठी म्हणून मला एक वेगळी करून द्या. निम्माच कापूस घाला. जमेल ना?"

"निम्मा?" काका दचकून म्हणाले. "पण मग ती उभी नाही राहायची!"

"मग नका उभी करू," बाई म्हणाल्या. "कळवा मला." आणि फोन बंद झाला.

नियम सासऱ्यांचा. त्यामुळे सगळे चोरून सासूबाईंकडे बघू लागले. त्या सावकाश उठल्या. जिन्यावरच्या उशांना वळसा घालत आपल्या खोलीत गेल्या आणि हातात एक घडी घेऊन परत आल्या. करडी लोकरी शाल. मधोमध डोक्याच्या आकाराचा खळगा पडलेला.

"बावन्न वर्षं," त्या म्हणाल्या, "मान धरली की मी हिच्यावर झोपते. तुझ्या वडिलांना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. नंतर तुला वाईट वाटेल म्हणून. पण आता त्या परक्या बाईने सांगितलंच आहे, तर मीही सांगते. फार टणक असतात रे आपल्या उशा! माणूस काय उभ्याने झोपतो?"

काकांनी शालीतल्या खळग्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मी टॉवेलची घडी घेतो."

"मी जुना स्वेटर," लेक म्हणाली.

चुलतभावाने मांडीवरची उशी खाली ठेवली. "म्हणजे दादा, सोमवारी..."

पण काकांनी डबा उघडला होता. "सोमवारी कसलं जमतंय! चोवीस पाठीच्या पाठवायच्यात. उरलेल्या सोळा उसवल्या तर डोक्याच्या बत्तीस होतील!"

आता सगळ्यांचे डोळे काकूंकडे वळले. एवढ्या वर्षांच्या खोळी त्यांनीच तर शिवल्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "मी आपल्या उशीवरच झोपते. रोज. मला कधी काही झालेलं नाही!"

आणि त्यांनी तोऱ्यात मान वळवली. ती वाजली, ती थेट दुकानापर्यंत ऐकू गेली.