चोवीस पुड्यांचं गूढ आणि आपत्कालीन समिती

डोळेकाकांच्या नजरेतून काही सुटत नाही, असं डोळेकाका स्वतःच सांगत. झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते कागदोपत्री आवक-जावक कारकून. पण ‘बुद्धीने आणि चालीने मी गुप्तहेरच,’ हे नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ऐकवत. पाकीट न फोडता आतला मजकूर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे दोन महत्त्वाची पत्रं वर्षभर फोडायचीच राहिली होती.

त्या सकाळी भांडार सांभाळणारी ताई धावतच त्यांच्याकडे आली. आग, पूर, भूकंप, काहीही ओढवलं तर कामाला याव्यात म्हणून तिने दोन महिन्यांपूर्वी चोवीस पिशव्या भरून बैठकीच्या खोलीत खुंट्यांना टांगल्या होत्या. टॉर्च, शिट्टी, मलमपट्टी, पाणी आणि एकेक बिस्किटाचा पुडा. आज तीनला तपासणीच्या बाई येणार, आणि चोवीसच्या चोवीस पुडे गायब! दुकानातून आणावेत, तर ती पाच वर्षं टिकणारी, खास मागवावी लागणारी बिस्किटं. यादीखाली सही ताईची, नोकरी अजून कच्ची. ठपका बसला की घरी बसणं आलं, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

“घाबरू नका,” काका म्हणाले. “आजपासून तुम्ही माझ्या सहायक. लिहा. संशयित पहिला: उंदीर.”

“काका, पिशव्यांच्या चेन लावलेल्या आहेत.”

“म्हणजे शिस्तीचा उंदीर.”

दुसरा संशय पहारेकऱ्यावर गेला, कारण त्याचं पोट सुटलं होतं. तो म्हणाला, “साहेब, मला गोड वर्ज्य आहे.” काकांनी लिहायला सांगितलं: ‘सबब आधीच तयार ठेवली होती.’ मग बैठकीच्या टेबलाखाली मुंग्यांची रांग दिसली. काका गुडघ्यावर बसून अर्धा तास तिच्यामागे रांगले आणि टोळी संघटित असल्याचं जाहीर करून उठले.

दुपारी त्यांनी ताईकडेच रोखून पाहिलं.

“गुन्हा घडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“गुन्हा कधी घडला?”

“ते तुम्ही सांगायचं.”

ताईला रडावं की हसावं कळेना. सहायकही तीच, संशयितही तीच, आणि स्वतःविरुद्धचा पुरावा सुवाच्य अक्षरात लिहायचा तोही तिनेच.

अडीचला चहाच्या मावशी ट्रे घेऊन आल्या. “आज कोरडाच चहा हं. पिशव्यांतली बिस्किटं संपली.”

चहाला येऊन बसलेल्या मॅनेजरसाहेबांनी कपाकडे नेलेला हात मागे घेतला.

“कुठल्या पिशव्यांतली?” ताईने विचारलं.

“ह्याच की. दर सोमवारी समिती बसते ना? पिशवीत गोड बिस्किटं असावीत की खारी, ते ठरवायला. मॅनेजरसाहेब म्हणाले, चाखल्याशिवाय ठराव कसा करायचा? आठ बैठका, दर बैठकीला तीन पुडे. काका तर बुडवून खातात.”

“मग सकाळपासून बोलला का नाहीत?”

“मला कुणी विचारलं?”

मॅनेजरसाहेब खाकरले. “एवढं खोलात कशाला जायचं? ‘भांडारात हयगय’ लिहा आणि मोकळे व्हा.”

ताईला संताप आला, आणि संतापात डोकं चाललं.

“चालेल,” ती हळूच म्हणाली. “फक्त काका, मग तुम्हाला चोर सापडलाच नाही असं होईल.”

काका ताठ झाले.

तीनला तपासणीच्या बाई आल्या तेव्हा ते खोलीच्या मधोमध उभे होते. “बाई, गुन्हेगार अत्यंत धूर्त निघाला. तपासात राहून त्याने तपासाचीच दिशाभूल केली. तो म्हणजे मी! मला पकडणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. ते मलाच जमलं.” मग त्यांनी मॅनेजरसाहेबांकडे बोट दाखवलं. “हा माझा साथीदार. तसा किरकोळ.”

“आणि भांडाराचा दोष?” बाईंनी विचारलं.

“छे! त्यांनी पिशव्या चोख भरल्या होत्या. म्हणून तर आम्हाला पुडे खाता आले.”

ताईने शब्दन् शब्द उतरवला आणि कागद काकांपुढे सरकवला. काकांनी ऐटीत सही ठोकली. तिने शाई वाळायचीही वाट पाहिली नाही. कागद उचलला आणि थेट बाईंच्या हातात दिला.