मदिनाबीची वाटी

"अगं, ही बशी हाटेलची हाय. वेटर येईल, बशी उचलंल, जाईल," बब्रुवान तिसऱ्यांदा म्हणाले.

"जाऊ द्या की. पर रिकामी न्हाय जायची," कस्तुराबाई म्हणाल्या आणि डबा उघडून त्यांनी शेंगदाण्याचे चार लाडू बशीत ठेवले.

हैदराबादच्या त्या जुन्या हवेलीत, तिथल्या भाषेत देवडीत, येऊन दोघांना जेमतेम दोन तास झाले होते. एके काळी इथं कुणी नवाब राहायचा. आता तिचं हॉटेल झालं होतं. अकरा खोल्या, मधे कारंजं, डोक्यावर झुंबर, आणि पलंग एवढा उंच की चढायला लाकडी पायरी. मुलगी निकिता पुण्यात नोकरीला. कंपनीनं तिला दोन रात्रींचं कूपन दिलं होतं, ते तिनं आईवडिलांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला देऊन टाकलं.

झुंबर बघायला कस्तुराबाई येडशीहून इतक्या लांब आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या एका वाटीसाठी.

येडशीला छोटी रेल्वे धावत होती त्या काळात बब्रुवान आणि जैनोद्दीन दोघंही पॉइंट्समन होते, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. क्वार्टरची भिंत एकच, आणि त्या भिंतीवरून कस्तुराबाई आणि जैनोद्दीनची मदिनाबी यांच्या वाट्या दिवसभर ये-जा करायच्या. इकडून आमटी गेली की तिकडून खिचडा यायचा. रिकामी वाटी भिंतीवर कधी दिसली नाही. १९९३च्या ईदला मदिनाबीनं वाटीभर शीरखुर्मा पाठवला. त्याच आठवड्यात जैनोद्दीन नोकरी सोडून सासऱ्याच्या घड्याळांच्या दुकानात हैदराबादला गेला. सामानाच्या गडबडीत वाटी परत करायची राहून गेली.

ती पितळी वाटी बत्तीस वर्षं फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर होती. बब्रुवाननी एकदा तिच्यात लोणचं घेतलं तर दोन दिवस घरात अबोला होता. निघताना ते म्हणाले, "चिंच लावून घास तरी. पार काळी पडलीय."

"दुसऱ्याची वस्तू हाय. जशी आली तशीच जाईल. फकस्त भरून जाईल."

ती भरायलाच हे लाडू होते. मोजून तीस. मदिनाबीला आवडायचे म्हणून.

उद्या चार वाजता मदिनाबी आणि जैनोद्दीन इथंच चहाला येणार होते. फोनवर मदिनाबीच म्हणाली होती, "माझ्या घरी तीन जिने हायेत. मीच येते. ती देवडी म्या इतकी वर्षं नुसती बाहेरूनच बघितली."

पन्नाशीचा वेटर दानियाल आला, लाडवांकडे बघून गोंधळला आणि बशी घेऊन गेला. अर्ध्या तासात तो बदामाचा हलवा घेऊन हजर. "अम्मा, बावर्ची साब बोले लड्डू बहोत अच्छे. ये उनकी तरफ से."

हलव्याच्या वाडग्यातून पाच लाडू गेले.

आता मॅनेजरला वाटलं, या खोलीतून खाणं परत येतंय म्हणजे पाहुणे नाराज आहेत. त्यानं माफीची चिठ्ठी आणि केक पाठवला. केकचं ताट मोठं होतं. त्यात आठ लाडू बसले.

"अगं, जरा हात आखडता घे!"

"एवढ्या मोठ्या ताटात दोनच ठेवू व्हय? लोक काय म्हणतील?"

सकाळी धुतलेले कपडे वेताच्या टोपलीत आले. बब्रुवाननी टोपली दोन्ही हातांनी धरून ठेवली. "हे भांडं न्हाय. ही टोपली हाय!"

"शिदोरी टोपलीतनंच जाती," म्हणत कस्तुराबाईंनी टोपली सोडवून घेतली.

नाश्ता, ताक, कापलेलं कलिंगड. दुपारी तीनला डब्यात पाच लाडू उरले. कस्तुराबाईंनी ते काळ्या वाटीत रचले, वर रुमाल झाकला आणि म्हणाल्या, "आता कुणी अमृत आणलं तरी दार उघडू नका."

मग दोघं कारंजं बघायला खाली गेले. कुलूप लावायला विसरले नव्हते, पण दानियालकडे दुसरी किल्ली होती. एव्हाना त्याला रीत कळली होती. टेबलावरची झाकलेली वाटी आपल्यासाठीच आहे, हे त्यानं ओळखलं.

साडेतीनला खोलीत वाटी नव्हती.

बब्रुवान चपला न घालता स्वयंपाकघरापर्यंत पळाले. तिथं पाच माणसं तोंड पुसत होती. "पाच लड्डू, पाच आदमी, साब. हिसाब बराबर," दानियाल हसत म्हणाला. "आप चलो, कटोरी लाताऊँ. खाली कटोरी नै भेजते. अम्मा ने सिखाया."

वाटी वर आली ती खुबानीच्या, म्हणजे जर्दाळूच्या, गोडानं भरून. शिवाय बावर्चीनं चांदीचे चमचे घासायच्या पावडरीनं ती घासली होती. सोन्यासारखी चमकत होती.

कस्तुराबाई पलंगाच्या पायरीवर बसल्या. "लाडू गेले ते गेले. हिचा रंगबी गेला. आता मदिनाबीनं वळखायची कशी?"

एवढ्यात दार वाजलं.

मदिनाबी काठी टेकत आत आली. मागून जैनोद्दीन. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मदिनाबी म्हणाली, "कस्तुरा, किती वाळलीस गं!" आणि कस्तुराबाई म्हणाल्या, "तू मातर माझ्या वाट्याचंबी खाल्लंस वाटतं."

रडणं आवरल्यावर कस्तुराबाईंनी वाटी पुढं केली. "तुझी अमानत. आतलं माझ्या हातचं न्हाय, काय सांगू तुला."

मदिनाबीनं वाटी दोन्ही हातांत घेतली. तिचा अंगठा काठाखालून फिरला आणि थांबला. तिनं चष्मा लावला. काळ्या थराखाली दडलेली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं आता उघडी पडली होती. ती सावकाश वाचू लागली.

"चि. सौ. कां. कस्तुरा हिस... मामाकडून... सप्रेम भेट."

मदिनाबीनं मान वर केली.

"ही तर तुझीच वाटी की गं! म्या तुझ्याच वाटीत शीरखुर्मा धाडला हुता."

बब्रुवानना लोणच्याचे ते दोन दिवस आठवले. ते तोंड उघडणार, तोच जैनोद्दीननं त्यांचा हात दाबला. "बब्रू, गप बस. आपण पॉइंट्समन. गाडी जाऊ दे."

कस्तुराबाईंचा चेहरा उतरला होता. "म्हंजी एवढी वर्षं माझ्याकडं तुझं काहीच न्हवतं?"

"न्हवतं," मदिनाबी म्हणाली. मग पिशवीतून तिनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. चहा घेऊन आलेल्या दानियालकडून पेन मागून घेतलं, डबा उलटा केला आणि बुडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मदिनाबी.

"ह्यो माझा हाय. आता चूक नको. परत आण."

कस्तुराबाईंनी डबा छातीशी धरला. "आणते. रिकामा न्हाय आणणार."

बब्रुवान गॅलरीत गेले आणि त्यांनी निकिताला फोन लावला.

"पोरी, तुमची कंपनी ते कूपन वर्षातनं किती वेळा देते गं?"